लहान कारखानदारासाठी वार्षिक कायदा-सल्लासेवा : दीड वर्षाच्या अनुभवावरून परीक्षण

आमचा पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा लहान कारखाना आहे. तो भागीदारीत चालतो, कामगार अकरा आहेत आणि गिऱ्हाईक जवळपास सगळे उधारीचे आहे. ऑगस्ट २०२४ पासून आम्ही तीन वकिलांनी मिळून चालवलेल्या एका सल्लासेवेचे वार्षिक सभासद आहोत. लहान व्यावसायिकाला रोजच्या व्यवहारात लागणारे कायद्याचे मार्गदर्शन वर्षभर ठरावीक फीमध्ये द्यावे, अशी त्या सेवेची कल्पना आहे. या दीड वर्षात तिने आम्हाला काय दिले आणि ती कुठे कमी पडली, हे अशाच सेवेचा विचार करणाऱ्या इतर लहान उद्योजकांसाठी मी लिहीत आहे.

परीक्षणात सेवेचे नाव नसणे वाचकांना खटकेल, म्हणून त्याचे कारण आधी सांगतो. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रीतीने आपली जाहिरात करू नये आणि काम मागू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील नियम ३६ आहे. अशिलाने नाव घेऊन केलेल्या स्तुतीमुळे त्या तिघांना विनाकारण खुलासे देत बसावे लागू नये, असे मला वाटते. शिवाय पुढे काही तक्रारीही आहेत, आणि नाव न घेता त्या मोकळेपणाने लिहिता येतात. अशा सेवेची परीक्षा कशी करावी हे वाचकाला समजले, तर नाव कळण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

फीमध्ये पुढील गोष्टी मिळतात: सुरुवातीला आपल्या कागदपत्रांची एकदा सविस्तर तपासणी, महिन्याला ठरावीक तास दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष भेटून सल्ला, प्रत्येक सल्ल्यानंतर एका पानाचे लेखी टिपण आणि नेहमी लागणाऱ्या पत्रांचे व करारांचे मसुदे. न्यायालयात किंवा अन्य प्राधिकरणापुढे उभे राहण्याची फी वेगळी असते. फी वसुलीच्या टक्केवारीवर घ्याल का, असे मी पहिल्याच भेटीत विचारले होते. निकालावर अवलंबून फी ठरवण्याची वकिलाला परवानगी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ‘वसूल झाले तरच पैसे द्या’ असे सांगणारे लोक बाजारात बरेच भेटतात. ते वकील असतील तर नियम मोडत असतात आणि वकील नसतील तर आपले प्रकरण पुढे कोण चालवणार हे आपल्याला ठाऊक नसते, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ती पहिली तपासणी. भागीदारीचा करार, नोंदणीचे दाखले असे काहीतरी मागतील या समजुतीने मी फाईल घेऊन गेलो होतो. तिघांपैकी एका वकील मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘गेल्या वर्षातली कुठलीही दहा बिले काढा आणि प्रत्येकाची ऑर्डर व चलन, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, जोडून आणा.’’ दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन गेलो. दहांपैकी चार चलनांवर माल मिळाल्याची तारीखच नव्हती. दोन चलनांवर फाटकावरच्या सुरक्षारक्षकाची न वाचता येणारी सही होती आणि तीन ऑर्डरी फोनवरच आलेल्या असल्याने त्यांचा कागद कुठेच नव्हता. त्यानंतर सुमारे दोन तास त्यांनी या दहा कागदांच्याच आधारे आम्हाला कायदा समजावला.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ हे नाव आमच्यासारख्या बहुतेकांनी ऐकलेले असते, पण त्यातल्या तारखा कशा मोजतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. खरेदीदाराशी पैसे देण्याची मुदत लेखी ठरली नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस ही मर्यादा आहे. मुदत लेखी ठरली असेल, तरी ती माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर ‘पेमेंट ९० दिवस’ असे छापलेले असते आणि आम्ही ते वर्षानुवर्षे मुकाट्याने मान्य करत आलो. छापलेल्या ९० दिवसांनी कायद्यातले ४५ दिवस वाढत नाहीत, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

माल ‘स्वीकारला’ कधी धरायचा, हा त्यानंतरचा प्रश्न. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर तो प्रत्यक्ष पोहोचला तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. चलनावरची तारीख इतकी महत्त्वाची का, हे इथे उलगडते. तीच नसेल तर १५ दिवस कुठून मोजायचे आणि ४५ दिवस कधी संपले, यावरच वाद सुरू होतो. मुदत उलटल्यानंतर खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते, आणि करारात व्याजाचा उल्लेख नसला तरी ही जबाबदारी टळत नाही. मॅडमनी कागदावर उदाहरण मांडून दाखवले. बँक दर ६ टक्के धरला तर व्याजाचा दर १८ टक्के होतो आणि चार लाखांच्या थकबाकीवर वर्षाला सुमारे ७८,२०० रुपये व्याज होते. भरीला हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही.

या बैठकीचा परिणाम म्हणून आम्ही रबरी शिक्का करून घेतला. त्यात माल मिळाल्याची तारीख, वेळ, घेणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि सही यांच्यासाठी रकाने आहेत. गाडीसोबत जाणाऱ्या मुलाला हे रकाने भरून घेतल्याशिवाय परत यायचे नाही, असे सांगून ठेवले. फोनवरच्या ऑर्डरीला त्याच दिवशी ई-मेलने उत्तर पाठवून नग, माप, कागदाचे जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन), दर आणि पैसे देण्याची मुदत लिहून कळवायची पद्धत पाडली. ही दोन्ही कामे वकिलाशिवायही करता आली असती, हे मान्य आहे. पण वीस वर्षांच्या धंद्यात आम्ही ती केली नव्हती, आणि ती का करायची हे समजल्यानंतर एकदाही चुकवलेली नाहीत.

उद्यम नोंदणीबाबतचे, म्हणजे आपला उपक्रम सूक्ष्म, लघु किंवा मध्यम असल्याच्या सरकारी नोंदणीबाबतचे, मार्गदर्शनही असेच नेमके होते. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आणि स्वयंघोषणेवर होते, त्यामुळे ‘सरकारी फी’ म्हणून तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. १ एप्रिल २०२५ पासून वर्गवारीच्या मर्यादा वाढल्या. गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उपक्रम आता सूक्ष्म ठरतो, तर २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढालीपर्यंतचा लघु ठरतो. उशिरा मिळणाऱ्या पैशांविषयीचे संरक्षण या दोन वर्गांनाच आहे, मध्यम उपक्रमांना नाही. आमची नोंदणी ऑगस्ट २०२० मधली असल्याने मी निश्चिंत होतो.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानीमनीही नव्हती. आम्ही स्वतः बनवलेल्या खोक्यांसोबत बाहेरून आणलेल्या चिकटपट्टीच्या रिळांचीही विक्री करतो आणि दोन्ही गोष्टी एकाच बिलावर लावत होतो. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ च्या आदेशाने उद्यम नोंदणीत घेतले गेले, पण ते बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतेच. थकबाकीच्या संरक्षणाचा लाभ त्यांना नाही. त्यामुळे एकाच बिलावर उत्पादन आणि व्यापार मिसळले, की उद्या खरेदीदाराच्या वकिलाला हरकत घ्यायला आयते कारण मिळते. रिळांचे बिल वेगळे फाडा, असा सल्ला मिळाला. हे दिसायला किरकोळ आहे, परंतु आमची बिले उलगडून पाहिल्याशिवाय कोणत्याही वकिलाला ते सुचले नसते. बिले न पाहता सल्ला देणारी सेवा कशी असेल, याचा अंदाज मी तेव्हापासून यावरून बांधतो.

या सेवेवर माझा विश्वास बसला तो आणखी एका प्रसंगाने. आमच्या ओळखीच्या एका जॉबवर्क करणाऱ्याने माल दिल्यानंतर नोंदणी केली होती, आणि त्याला जुन्या बिलांसाठी संरक्षण मिळेल का, असे मी विचारले. नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला लाभ मिळत नाही, या दिशेचे सर्वोच्च न्यायालयाचे २०२१ आणि २०२२ मधील निकाल मॅडमनी सांगितले. काही महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला, तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून ते कळवले आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या मित्राला सांगा, हा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही, पण या आशेवर त्यांनी नवा माल देऊ नये.’’ जिथे कायदाच अनिश्चित आहे तिथे तो अनिश्चित आहे असे सांगणारा सल्लागार मला ठामपणे काहीही सांगणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष कसोटीच्या प्रकरणाकडे येतो. एका खरेदीदाराकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळातल्या अकरा बिलांचे ४ लाख १२ हजार रुपये थकले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही मागणीचा जोर वाढवला, तेव्हा त्यांच्या खरेदी विभागाने खोक्यांची बर्स्टिंग स्ट्रेंग्थ (पुठ्ठा फुटण्याआधी किती दाब सोसतो ते) कमी होती असे सांगून दीड लाखाची डेबिट नोट, म्हणजे देण्यातून तेवढी रक्कम कापल्याची सूचना, पाठवली. माल पोहोचून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ लोटला होता आणि तोवर एका शब्दाची लेखी तक्रार आली नव्हती. माझी पहिली इच्छा थेट दावा लावण्याची होती. माझे चुलतभाऊ, जे भागीदारही आहेत, ते मात्र गिऱ्हाईक तुटेल म्हणून डेबिट नोट मान्य करून उरलेले पैसे घ्यावेत या मताचे होते.

सेवेने आमच्यापुढे तीन वाटा ठेवल्या आणि प्रत्येकीचा वेळ, खर्च व धोका लेखी मांडला. पहिली वाट सूक्ष्म व लघु उपक्रम सुकरता परिषदेची, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाची. खरेदीदार भारतात कुठेही असला, तरी पुरवठादार ज्या परिषदेच्या हद्दीत आहे तिथे अर्ज करता येतो, त्यामुळे ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या दूरच्या न्यायालयाच्या अटीला घाबरण्याचे कारण नाही. परिषद आधी सलोख्याचा प्रयत्न करते आणि तो फसला तर लवाद होतो. कायद्यात ९० दिवसांची मुदत असली, तरी ती प्रत्यक्षात पाळली जाईल असे धरून हिशेब करू नका, असेही टिपणात लिहिले होते. या वाटेचा खरा जोर शेवटी आहे. निवाड्याला आव्हान द्यायचे असेल तर खरेदीदाराला निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. दुसरी वाट वाणिज्य न्यायालयाची. दाव्याचे मूल्य तीन लाखांच्या वर असल्याने रकमेच्या दृष्टीने ती खुली होती, परंतु तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी घ्यावीच लागते. तिसरी वाट पत्राची, आणि आधी तीच घ्यावी असे त्यांचे मत होते.

ते पत्र मी जपून ठेवले आहे, कारण त्यात एकही धमकी नव्हती. अकरा बिलांचा तक्ता होता. त्यात प्रत्येक बिलापुढे माल पोहोचल्याची तारीख, पंधरावा दिवस, पंचेचाळिसावा दिवस आणि त्या तारखेपर्यंतचे व्याज दिले होते. डेबिट नोटेबद्दल एकच वाक्य होते: कायद्याने दिलेल्या १५ दिवसांत लेखी हरकत आलेली नाही. पत्राची एक प्रत, खरेदी विभागाला वगळून, मुद्दाम त्यांच्या लेखा विभागाला पाठवली होती आणि त्यासोबत आमचे उद्यम प्रमाणपत्र जोडले होते. त्यामागचे कारण आयकराचे होते. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये २०२३ च्या वित्त कायद्याने भर घालून अशी तरतूद झाली, की सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे देणे १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीत दिले नाही, तर ते खरेदीदाराला प्रत्यक्ष देण्याच्या वर्षीच खर्च म्हणून वजा करता येते. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. शिवाय लेखापरीक्षण होणाऱ्या खरेदीदाराला अशी थकबाकी आपल्या वार्षिक हिशेबात दाखवावी लागते. खरेदी विभागाला डेबिट नोट हा वाटाघाटीचा भाग वाटत असला, तरी लेखा विभागाला तो वर्षअखेरीचा प्रश्न वाटतो, असे मॅडमचे म्हणणे होते.

पैसे डिसेंबर ते मार्च या काळात तीन हप्त्यांत आले. दीड लाखांची डेबिट नोट परत घेतली गेली आणि मुद्दल पूर्ण मिळाली. हे पत्रामुळे झाले की ३१ मार्च जवळ आल्यामुळे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पहिल्या हप्त्याच्या वेळी खरेदीदाराने ‘सर्व देणे पूर्ण व अंतिम मिटले’ अशा मजकुराच्या कागदावर आमची सही मागितली होती आणि माझे चुलतभाऊ ती द्यायला तयार होते. शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत असा कोणताही कागद द्यायचा नाही, व्याज सोडायचे असेल तर त्या दिवशी वेगळ्या पत्राने सोडायचे, हे सेवेने फोनवर दहा मिनिटांत समजावले. आम्ही व्याजाचा काही भाग घेतला आणि काही सोडला. गिऱ्हाईक अजून टिकून आहे आणि माल आता ४५ दिवसांच्या लेखी मुदतीवर जातो.

दुसरे प्रकरण छोटे होते, पण त्यात आम्ही मोठे नुकसान होता होता वाचलो. एका जुन्या ग्राहकाकडे जानेवारी २०२२ च्या मालाचे ८६ हजार रुपये येणे होते. ते चांगले गृहस्थ, ‘देतो, देतो’ म्हणायचे, आणि खातेवहीत नाव आहे म्हणजे पैसे कुठे जात नाहीत, अशी आमची समजूत होती. तपासणीत वकिलांनी त्या बिलाच्या तारखेभोवती लाल रेघ ओढली. अशा येण्यासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, ती संपली की येणे खरे असूनही दाव्याची वाट बंद होते, आणि तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. मात्र मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून तीन वर्षे पुन्हा मोजली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही नेहमीच्या बॅलन्स कन्फर्मेशनचे, म्हणजे बाकी रक्कम मान्य असल्याचे, पत्र नेले आणि त्यांनी सही-शिक्का करून दिला. आता आमच्याकडे दर ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांहून जुन्या येण्यांची यादी निघते.

भागीदारीबाबतचा धक्का मात्र आम्हाला स्वतःच्याच निष्काळजीपणामुळे बसला. आमच्या भागीदारीचा करार मुद्रांकित कागदावर होता, पण संस्थेची नोंदणी निबंधकांकडे झालेली नव्हती. नोंदणी सक्तीची नाही एवढेच आम्ही ऐकले होते. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला कराराच्या आधारे तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावता येत नाही. याला अपवाद आहे तो शंभर रुपयांपर्यंतच्या किरकोळ दाव्यांचा. म्हणजे माझ्या मनाप्रमाणे सप्टेंबरमध्ये न्यायालयात धावलो असतो, तर दावा या एकाच मुद्द्यावर अडकला असता. नोंदणीची सारी कागदपत्रे सेवेने सभासद-फीतच तयार करून दिली.

धनादेश न वटण्याबाबत त्यांनी दिलेले तारखांचे पान आता आमच्या हिशेबनिसाच्या टेबलाच्या काचेखाली आहे. बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार, असा तो क्रम आहे. तो वापरण्याची वेळ सुदैवाने आलेली नाही.

आता उणिवा. कामगारविषयक कायद्यात ही सेवा स्पष्टपणे कच्ची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि सर्व कामगारांना नियुक्तिपत्र देण्याचा मुद्दा पुढे आला, तेव्हा आम्ही लगेच विचारणा केली. पहिले उत्तर दोन ओळींचे आले. मसुदा मिळायला तीन आठवडे लागले आणि आला तो बारा पानांचा, इंग्रजीतला आणि मोठ्या कंपनीला साजेसा. आमच्या यंत्रावरच्या माणसाला तो वाचून दाखवता येणार नव्हता. शेवटी तो आम्ही दुसऱ्या एका कामगार सल्लागाराकडून दोन पानांच्या मराठी पत्रात उतरवून घेतला, त्याचे पैसे वेगळे मोजले. ज्या सेवेने वसुलीचे पत्र इतक्या बारकाईने लिहिले, तिने कामगाराच्या पत्रात अशी ढिलाई करावी याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण त्या कागदावर आमच्याकडे काम करणाऱ्या अकरा घरांचा भरवसा असतो.

दुसरी तक्रार वेळेची आहे. मार्चमध्ये सगळ्याच सभासदांना थकबाकीचे प्रश्न पडतात आणि नेमक्या त्याच महिन्यात दूरध्वनीची वेळ मिळत नाही. गेल्या मार्चमध्ये एका साध्या प्रश्नाला उत्तर मिळायला नऊ दिवस लागले. वर्दळीचा महिना आधीपासून ठाऊक असताना त्याची तयारी करायला हवी होती. तिसरी गोष्ट, सल्ल्यात काय येते आणि वेगळ्या फीचे काय, ही सीमा सभासदत्वाच्या कागदात पुरेशी स्पष्ट नव्हती. त्या अकरा बिलांच्या तक्त्यासाठी वेगळी फी लागेल हे काम झाल्यावर कळले. रक्कम अवाजवी नव्हती, पण ती आधी सांगायला हवी होती.

एक प्रश्न मी सुरुवातीला विचारला नाही, तो इतरांनी जरूर विचारावा: ज्या खरेदीदारांकडे आपला माल जातो, त्यांचीही कामे हेच वकील पाहतात का? आमच्या बाबतीत तसे नव्हते. पण आपल्या भागात वकील मोजके आणि मोठी गिऱ्हाइके मोजकीच असतात. आपण दाखवलेली बिले, दर आणि अडचणी कुणासमोर उघड होत आहेत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालेले बरे. मी हे पुढे विचारले, तेव्हा त्यांनी अशा खरेदीदारांची नावे आमच्याकडून लिहून घेतली आणि त्यांपैकी कुणाचे काम आले तर कळवू असे लेखी दिले.

किमतीबद्दल एवढेच सांगतो, की वर्षाची फी आमच्या एका मध्यम आकाराच्या बिलापेक्षा कमी आहे. निव्वळ वसुलीवरून हिशेब केला तर ती केव्हाच भरून निघाली. पण तसा हिशेब करणे मला पुरेसे वाटत नाही, कारण ज्यांची थकबाकी नाही त्यांनाही चलनाची तारीख, बिलांची विभागणी आणि भागीदारीची नोंदणी या गोष्टी लागतातच. ज्यांचा धंदा रोखीचा आहे आणि कामगारांचे प्रश्न जास्त आहेत, त्यांनी मात्र ही सेवा घेऊ नये. त्यांच्यासाठी चांगला कामगार सल्लागार अधिक उपयोगी पडेल. जीएसटी व आयकराच्या विवरणपत्रांचे कामही ती करत नाही, त्यासाठी आपला सीए लागतोच.

आम्ही या महिन्यात पुढच्या वर्षासाठी सभासदत्व चालू ठेवले आहे, दोन अटी लेखी घालून: वेगळी फी लागणारे प्रत्येक काम सुरू करण्याआधी रक्कम कळवायची, आणि मार्चमध्ये आठवड्यातला एक तास आमच्यासाठी राखून ठेवायचा. दोन्ही त्यांनी मान्य केल्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून लेखा विभागाला पाठवायच्या पत्राचा सुधारलेला मसुदा त्यांनी न मागता पाठवला आहे. या वेळी तो मराठीतही आहे.